टाळ्या वाजवून दिलेला विश्वचषक

११ डिसेंबर २०२४ रोजी फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, २११ सदस्य संघटनांची सभा ऑनलाइन भरली. २०३४चा पुरुषांचा विश्वचषक कुठे होणार, हे त्या दिवशी ठरायचं होतं. मतपत्रिका नव्हत्या आणि मोजणीही नव्हती. अध्यक्ष जानी इन्फान्तिनो यांनी प्रतिनिधींना कॅमेऱ्यासमोर हात आणून टाळ्या वाजवायला सांगितलं. पडद्यावरच्या चौकोनांमधून टाळ्या झाल्या आणि विश्वचषक सौदी अरेबियाला गेला. उमेदवार तेवढा एकच होता. नॉर्वेच्या संघटनेने ही पद्धत मान्य नसल्याचं लेखी कळवलं, पण त्याने निकालात फरक पडणार नव्हता.

पुढचे काही दिवस वाद रंगला. एक बाजू म्हणाली, "बायकांवर बंधनं, फाशीच्या शिक्षा, कामगारांचे हाल, अशा देशाला विश्वचषक दिलाच कसा?" दुसरी म्हणाली, "खेळ बघा आणि घरी जा, बाकीच्या भानगडी कशाला?" नेहमीप्रमाणे दोघंही एकमेकांचं न ऐकता बोलत राहिले. मला या भांडणापेक्षा एक कोरडा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. खेळाच्या संघटनेकडे एखाद्या देशाला चार गोष्टी सुनावण्याची ताकद असते तरी केव्हा? माझ्या मते ती फार थोडा काळ असते. यजमानपदाच्या करारावर सही होईपर्यंत. पुढचं सगळं या एका मुद्द्याभोवती आहे.

मुळात खेळात हक्कांचा संबंध येतो कुठे?

मानवी हक्क म्हणजे माणूस म्हणून प्रत्येकाला असलेले हक्क. जगण्याचा, बोलण्याचा, केलेल्या कामाचा मोबदला मिळण्याचा, भेदभावाशिवाय वागवलं जाण्याचा. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा जाहीरनामा काढला.

मोठी स्पर्धा आली की तीन प्रकारच्या माणसांचे हक्क पणाला लागतात. पहिले, स्टेडियम बांधणारे. दुसरे, जिथे स्टेडियम किंवा क्रीडाग्राम उभं राहतं तिथले रहिवासी. २०१६च्या ऑलिंपिकच्या वेळी रिओमधल्या व्हिला ऑतोद्रोमो या वस्तीत सुमारे ६०० कुटुंबं होती, शेवटपर्यंत झगडून तिथे टिकली ती जेमतेम २०. तिसरे खुद्द खेळाडू, ज्यांची आठवण या चर्चेत सर्वांत उशिरा होते. बातमी देणारे पत्रकार आणि गॅलरीतले प्रेक्षक यांचेही प्रश्न असतात, पण ते त्या मानाने लवकर दिसतात. कारण त्यांच्या हातात कॅमेरा असतो.

फिफा म्हणजे सरकार आहे का?

नाही, आणि गुंता इथेच सुरू होतो. मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार सरकारं करतात आणि ते सरकारांवर बंधनकारक असतात. फिफा आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती (पुढे आयओसी) या कायद्याच्या नजरेत स्वित्झर्लंडमध्ये नोंदवलेल्या संघटना आहेत. गावातल्या हौशी गायकांच्या मंडळाची नोंदणी ज्या तरतुदींखाली होते, जवळपास त्याच तरतुदींखाली. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाची कमाई ७५० कोटी डॉलरच्या वर होती, तरीही.

ही पोकळी भरण्याचा एक प्रयत्न २०११ साली झाला. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन रगी यांनी तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने स्वीकारली. त्यांचा गाभा असा: हक्कांचं रक्षण करणं सरकारचं कर्तव्य, हक्कांना धक्का न लावणं ही प्रत्येक उद्योगसंस्थेची जबाबदारी, आणि धक्का लागलाच तर भरपाई मिळायला हवी. शिवाय तुम्ही स्वतः काही वाईट केलं नसेल, पण तुमच्या धंद्यातल्या भागीदाराने केलं असेल, तरी तुमच्याकडे जो दबाव टाकता येतो तो तुम्ही टाकायला हवा. ही तत्त्वं कायदा नव्हेत. पण फिफानेच २०१५ साली रगी यांना बोलावून "आमचं काय चुकतं ते सांगा" म्हटलं, २०१६ साली त्यांचा अहवाल घेतला आणि आपल्या घटनेत मानवी हक्कांचा आदर करण्याचं कलम घातलं. आपणहून दिलेला शब्द आहे हा.

आयओसीने आपल्या सनदेत तसा बदल करायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. तोही मुंबईतल्या अधिवेशनात. भेदभावाविरुद्धच्या तत्त्वात आंतरराष्ट्रीय मान्यतेचे मानवी हक्क आले, पण सोबत एक शेपूट आलं: "ऑलिंपिक चळवळीच्या कक्षेत". ही कक्षा कुठवर जाते, ते ठरवणार कोण? आयओसीच.

कतारमध्ये नेमके किती कामगार मरण पावले?

तीन. चाळीस. चारशे चौदा. साडेसहा हजार. हे चारही आकडे छापून आले आणि प्रत्येकाला काही ना काही आधार आहे. वाचक गोंधळला तर त्याचा दोष नाही.

२०२२च्या विश्वचषकाच्या आयोजकांचा हिशेब असा, की स्टेडियमच्या बांधकामावर काम करताना अपघाताने ३ जण मरण पावले आणि त्याच कामावरचे आणखी ३७ जण "कामाशी संबंध नसलेल्या" कारणांनी गेले. स्पर्धा चालू असताना आयोजन समितीचे प्रमुख हसन अल-थवादी एका मुलाखतीत ४०० ते ५०० म्हणून गेले. नंतर खुलासा आला की २०१४ ते २०२० या काळात संपूर्ण देशात, सगळ्या उद्योगांत मिळून, कामावरचे मृत्यू ४१४ होते. साडेसहा हजारांचा आकडा 'द गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाने फेब्रुवारी २०२१मध्ये दिला. भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांच्या कतारमध्ये मरण पावलेल्या नागरिकांची ती दहा वर्षांची बेरीज. कारण कोणतंही असो, काम कोणतंही असो. त्यांत २,७११ भारतीय होते.

म्हणजे "विश्वचषकासाठी साडेसहा हजार बळी" हे वाक्य चूक आहे, आणि "फक्त तीन" हेही. पहिल्यात कार्यालयात काम करणारेही मोजले जातात. दुसऱ्यात स्पर्धेसाठीच उभारलेले रस्ते, मेट्रो आणि हॉटेलं यांवर राबलेले सुटून जातात.

पण खरी गोम आकड्यांत नाही, मृत्यूच्या दाखल्यात आहे. भारतीयांच्या मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के "नैसर्गिक" म्हणून नोंदवले गेले होते. ऐन विशी-तिशीतला, वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण होऊन आलेला माणूस रात्री खोलीवर झोपतो आणि उठत नाही. दाखल्यावर "हृदयक्रिया बंद पडल्याने". हृदयक्रिया बंद पडते म्हणूनच कोणीही मरतो. ती का पडली, हे शवविच्छेदन झालं तर कळेल. ते बहुतेक वेळा झालंच नाही. दिवसभर भट्टीसारख्या उन्हात काम केल्याचा त्याच्याशी संबंध होता का, हे कायमचं अनुत्तरित राहिलं. आणि मृत्यू "नैसर्गिक" ठरला की तो कामाशी संबंधित नाही, म्हणून मालकाकडून कुटुंबाला भरपाई नाही. एका शब्दाने इतकं होतं.

कामगार नोकरी सोडून परत का आले नाहीत?

कफाला नावाच्या पद्धतीमुळे. आखाती देशांत परदेशी कामगाराला स्थानिक पुरस्कर्ता लागतो, त्याला कफील म्हणतात. बहुतेक वेळा तो मालकच असतो आणि कामगाराचं तिथलं कायदेशीर वास्तव्य त्याच्या नावाशी बांधलेलं असतं. कतारमध्ये दुसरीकडे नोकरी धरायची तर त्याचं ना हरकत पत्र लागे, देश सोडायचा तर त्याची परवानगी. कामगाराने पाठ फिरवली तर मालक "पळून गेला" अशी तक्रार करू शके आणि मग कामगारच गुन्हेगार.

यात भर कर्जाची. गावाकडच्या दलालाला पैसे मोजून, ते व्याजाने काढून, माणूस आलेला असतो. पहिली काही महिन्यांची, कधी वर्षाची कमाई त्या कर्जातच जाते. पगार तीन महिने थकला तरी तो निघू शकत नाही, कारण परत जायचं म्हणजे सावकाराच्या दारात उभं राहायचं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर गैरसोय वाटते, एकत्र आल्या की वेठबिगारी.

पण विश्वचषकामुळेच तिथले कायदे सुधारले ना?

हा आक्षेप ठोस आहे आणि त्याला उडवून लावणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१४ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे कतारविरुद्ध तक्रार दाखल झाली. कामगार संघटनांनी आणि पत्रकारांनी रान उठवलं. २०१८ साली श्रम संघटनेचं कार्यालय दोहात उघडलं, त्याच वर्षी बहुतांश कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट गेली, २०२०मध्ये ना हरकत पत्राची. मार्च २०२१पासून सर्व राष्ट्रीयत्वांच्या कामगारांना दरमहा किमान १,००० रियाल वेतन लागू झालं. उन्हाळ्यातली दुपारच्या कामबंदीची वेळ वाढवून सकाळी १० ते दुपारी साडेतीन केली गेली. आखातात हे लहान बदल नव्हेत.

आता तारखा लावून पाहा. फिफाच्या कार्यकारी समितीने कतारला यजमानपद दिलं २ डिसेंबर २०१० रोजी. देताना कामगारांबद्दल एक अट घातली नव्हती. कफालातल्या मुख्य बेड्या सुटल्या २०१८ ते २०२० या काळात, तोवर बांधकामाचा मोठा भाग उरकत आला होता. नियम बदलले, पण ज्यांच्यासाठी ते हवे होते त्यांतले बरेच जण तोवर परत गेले होते. काही पेटीतून.

घर बांधायला काढताना मिस्त्रीच्या हातात सगळी रक्कम पहिल्याच दिवशी ठेवली आणि सहा महिन्यांनी पायाची खोली मोजायला गेलो, तर तो चहा पाजेल, हो हो म्हणेल, कदाचित एखादी भिंत नीटही करून देईल. पण पाया तोच राहील. कतारच्या बाबतीत फिफाची अवस्था नेमकी ही होती.

भरपाईचा प्रश्न तर तसाच लोंबकळत राहिला. मानवी हक्क संघटनांनी बक्षिसाच्या रकमेइतके, म्हणजे ४४ कोटी डॉलर, कामगारांच्या भरपाईसाठी बाजूला काढायची मागणी केली होती. फिफाच्याच एका उपसमितीच्या अहवालाने स्पर्धेचा वारसा निधी, म्हणजे स्पर्धेनंतरच्या कामांसाठी ठेवलेला पैसा, कामगारांसाठी वापरावा असं सुचवलं. नोव्हेंबर २०२४मध्ये ५ कोटी डॉलरचा तो निधी जाहीर झाला, निर्वासित, आरोग्य आणि इतर कार्यक्रमांसाठी. उद्देश चांगले आहेत. पण ज्यांनी स्टेडियम बांधलं त्यांच्यासाठी मात्र गरज सरो, वैद्य मरो.

सौदीच्या वेळी तरी अटी घातल्या का?

कागदावर, हो. २०१७पासून विश्वचषकासाठी अर्ज करणाऱ्या देशाला मानवी हक्कांचा आराखडा द्यावा लागतो. २०२६ची स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोला दिली गेली तेव्हा ही अट पहिल्यांदा लागली. म्हणजे कतारपासून धडा घेऊन, सहीच्या आधी विचारण्याची सोय फिफाने स्वतःच केली.

मग ती सोय निकामी कशी होते ते पाहा. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी फिफाने जाहीर केलं की २०३० चा विश्वचषक स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को यांच्याकडे जाणार, त्यातले सुरुवातीचे काही सामने दक्षिण अमेरिकेत होणार, आणि म्हणून २०३४साठी फक्त आशिया आणि ओशनिया खंडांतले देश अर्ज करू शकतील. इरादा कळवायची मुदत ३१ ऑक्टोबर. म्हणजे चार आठवडेसुद्धा नाहीत. सौदीने त्याच दिवशी इरादा जाहीर केला. ऑस्ट्रेलियाने विचार केला आणि शेवटच्या दिवशी माघार घेतली. मैदानात एकच उमेदवार उरला.

उमेदवार एकच असेल तर अटी घालणार कोणाला आणि कशाच्या जोरावर? "नाही" म्हणण्याची शक्यताच नसेल तर तपासणी हा उपचार होतो. सौदी फुटबॉल संघटनेने मानवी हक्कांचं मूल्यमापन रियाधमधल्या एका कायदा फर्मकडून करून घेतलं. त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि कामगार संघटनांवरची बंदी असे विषय जवळपास आलेच नाहीत, अशी टीका अनेक संस्थांनी केली. फिफाने आपल्या अहवालात या बाबतीतली जोखीम "मध्यम" ठरवली. सौदीच्या प्रस्तावात १५ स्टेडियम आहेत, बहुतेक नव्याने बांधायची. २०२२च्या जनगणनेनुसार त्या देशात सुमारे १ कोटी ३४ लाख परदेशी नागरिक राहतात. कतारच्या एकूण लोकसंख्येच्या चौपटीहून जास्त.

इथे एक शब्द सतत ऐकू येतो, स्पोर्ट्सवॉशिंग. खेळाच्या झगमगाटाने देशाच्या प्रतिमेवरचे डाग झाकणं, एवढाच त्याचा अर्थ. मला तो शब्द फारसा उपयोगी वाटत नाही, कारण तो सगळं लक्ष यजमानाच्या हेतूकडे वळवतो. हेतू सिद्ध करता येत नाही. करारातलं कलम आहे की नाही, हे मात्र वाचून सांगता येतं.

खेळात राजकारण कशाला?

हे वाक्य जे लोक सर्वांत मोठ्याने म्हणतात, त्यांच्याच संघटनांनी ते हवं तेव्हा बाजूला ठेवलेलं आहे.

वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला आयओसीने १९६४च्या टोकियो ऑलिंपिकचं निमंत्रण नाकारलं आणि १९७० साली समितीतून काढूनच टाकलं. क्रिकेटमध्येही १९७०पासून तो देश एकटा पडला. १९७४ साली भारत टेनिसच्या डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळायला नकार दिला आणि चषक न खेळताच समोरच्या संघाला गेला. त्या खेळाडूंनी काय गमावलं, याचा अंदाज टेनिस पाहणाऱ्याला सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेचा संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला तो नोव्हेंबर १९९१मध्ये, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर.

आणि अलीकडचं पाहा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २८ तारखेला फिफाने रशियाच्या संघांना निलंबित केलं. चार दिवसांत. त्यामुळे "आम्ही राजकारणात पडत नाही" हे उत्तर आता कोणत्याही संघटनेला खरेपणाने देता येत नाही. २००३ साली इराकवर हल्ला केलेल्या अमेरिकेला कोणी निलंबित केलं नव्हतं, हा प्रतिप्रश्नही रास्त आहे. निकष असतात, पण कोणावर लावायचे हे वजन बघून ठरतं.

अफगाण मुलींचा संघ कुठे आहे?

क्रिकेटच्या वाचकासाठी या सगळ्या विषयातलं सर्वांत अवघड प्रकरण हे आहे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) अफगाणिस्तानला जून २०१७मध्ये पूर्ण सदस्यत्व दिलं. पूर्ण सदस्याने महिलांचं क्रिकेट चालवावं अशी अपेक्षा असते. २०२०च्या शेवटी अफगाण मंडळाने २५ मुलींशी करार केले. ऑगस्ट २०२१मध्ये तालिबान सत्तेवर आली आणि संघ संपला. बऱ्याच खेळाडू ऑस्ट्रेलियात पोचल्या. ३० जानेवारी २०२५ रोजी मेलबर्नमध्ये त्या एकत्र आल्या आणि एक सामना खेळल्या, पण देशाचा अधिकृत संघ म्हणून नाही. पुरुषांचा संघ मात्र सदस्यत्व आणि निधी यांसह खेळतो आहे, आणि उत्तम खेळतो आहे.

आयसीसीचं म्हणणं असं, की सरकारचा निर्णय आहे, मंडळाचा त्यावर काय इलाज? हे ऐकायला बरं वाटतं. पण सदस्य मंडळात सरकारी हस्तक्षेप झाल्याच्या कारणावरून याच आयसीसीने जुलै २०१९मध्ये झिम्बाब्वेला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये, ऐन विश्वचषकात, श्रीलंकेला निलंबित केलं होतं. मंत्र्याने मंडळ बरखास्त करणं हा हस्तक्षेप आणि सरकारने निम्म्या लोकसंख्येला मैदानातून हाकलणं हा हस्तक्षेप नाही, हे गणित मला कोणी समजावून द्यावं.

ऑस्ट्रेलियाची भूमिका त्याहून गमतीची. महिलांच्या प्रश्नावरून त्यांनी अफगाणिस्तानविरुद्धची कसोटी, एकदिवसीय मालिका, टी-ट्वेंटी मालिका अशा द्विपक्षीय लढती एकामागून एक टाळल्या. पण ७ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचे गुण पणाला लागले तेव्हा ते उतरले आणि मॅक्सवेलने ती नाबाद २०१ धावांची खेळी केली. तत्त्व तिथपर्यंतच ताणलं गेलं जिथे त्याची किंमत मोजावी लागत नव्हती.

बंदी घातली तर राशिद खानचा काय दोष?

काहीच नाही. ऑस्ट्रेलियाने मालिका रद्द केली तेव्हा अफगाण संघाचा फिरकी गोलंदाज राशिद जाहीरपणे दुखावला होता, आणि मुलींच्या वैद्यकीय शिक्षणावर बंदी आली तेव्हा त्याने आणि महंमद नबीने त्याविरुद्ध आवाजही उठवला. देशाकडे आनंद साजरा करायला हा एक संघ उरला आहे, तोही हिरावून काय मिळणार, असं म्हणणारे अफगाण लोक आहेत. त्यांचं म्हणणं खोडणं सोपं नाही.

पण निवड "सरसकट बंदी" किंवा "काहीच नको" अशी दोनच पर्यायांची नाही. १९९९ साली आयओसीने अफगाणिस्तानला निलंबित केलं, २०००च्या सिडनी ऑलिंपिकला त्यांचा संघ नव्हता. २००४ साली अथेन्समध्ये अफगाणिस्तानच्या पहिल्या महिला ऑलिंपिक खेळाडू उतरल्या. दुसरी वाट २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकची, तीन महिला आणि तीन पुरुष असा संघ आयओसीने स्वतः पुढाकार घेऊन उभा केला. क्रिकेटमध्येही मंडळाच्या निधीतला वाटा परदेशातल्या मुलींच्या संघाकडे वळवता येतो, त्यांना आयसीसीच्या नावाखाली खेळवता येतं. एप्रिल २०२५मध्ये आयसीसीने भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मंडळांसह या खेळाडूंसाठी मदतनिधी जाहीर केला. संघ म्हणून मान्यता मात्र दिली नाही.

खेळाडू सही करतो ती कशावर?

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरताना खेळाडूला एक गोष्ट मान्य करावी लागते: वाद झाला तर साध्या कोर्टात न जाता स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे जायचं. लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेला खासगी पंच. इथे "मान्य केलेला" म्हणणं जरा धाडसाचं, कारण मान्य न करणाऱ्याला खेळताच येत नाही. त्यावर अपील स्विस सर्वोच्च न्यायालयात, तेही मोजक्या मुद्द्यांवर.

धावपटू कास्टर सेमेन्या याच वाटेने गेली. शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक नैसर्गिकपणे जास्त असलेल्या महिलांनी ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींत उतरण्यासाठी ते औषधाने कमी करावं, असा नियम २०१८ साली आला. तिने आव्हान दिलं. २०१९मध्ये लवादाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला की नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गटातली स्पर्धा न्याय्य राहण्यासाठी गरजेचा आहे. स्विस न्यायालयाने हात वर केले. अखेर १० जुलै २०२५ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सांगितलं की तिचं प्रकरण पुरेशा काटेकोरपणे ऐकलंच गेलं नाही. नियम बरोबर की चूक, यावर निकाल नाही. तोवर तिचं धावण्याचं वय निघून गेलं होतं. तिच्याआधी २०१४ साली अशाच नियमामुळे राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलेल्या द्युती चंदने २०१५मध्ये लवादाकडूनच तो नियम स्थगित करून घेतला होता. म्हणजे हे दार कधीमधी उघडतं.

या विषयावर प्रामाणिक मतभेद आहेत, कारण दोन्ही बाजूंना खेळाडू महिलाच आहेत. सुनावणी नीट व्हावी, याबद्दल मात्र मतभेदाचं कारण नाही.

तक्रारीचं दार बंद असलं की काय होतं, याचं सर्वांत भीषण उदाहरण अमेरिकेचं आहे. जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींचं लैंगिक शोषण करत राहिला. जानेवारी २०१८मध्ये दीडशेहून अधिक मुली आणि महिलांनी न्यायालयात त्याच्यासमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. संघटनेला आणि तपासयंत्रणेला २०१५ सालीच माहिती मिळालेली होती.

हे सगळं पाश्चात्त्यांचं ढोंग नाही का?

ढोंग आहेच, थोडंथोडकं नाही. २०२६च्या विश्वचषकाचा यजमान असलेल्या अमेरिकेने जून २०२५मध्ये बारा देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली. त्यांत इराण आणि हैती हे स्पर्धेला पात्र ठरलेले देशही होते. खेळाडूंना सूट, चाहत्यांना नाही. फिफाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना आपला पहिलावहिला शांतता पुरस्कार दिला. कतारला चार वर्षं खडे बोल सुनावणाऱ्यांपैकी किती जण तितक्याच आवाजात बोलले?

पण "स्टेडियमवरच्या मजुराचे हक्क" ही कल्पना बाहेरून आलेली आहे, हे मात्र मी मान्य करणार नाही. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या बांधकामांवर मजुरांचं किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे होतं. ते कंत्राटदाराकडून जमादाराच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या, हातात जाई, जमादार त्यातला एक रुपया स्वतःचा म्हणून ठेवी आणि मजुराच्या हातात सव्वाआठ रुपये पडत. एका नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं, आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सप्टेंबर १९८२मध्ये सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ खाली वेठबिगारीच आहे. माणूस भुकेपोटी "तयार" झाला असला तरी. रगी यांच्या तत्त्वांच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. दुर्दैव एवढंच की २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला पुन्हा किमान वेतनाचं आणि सुरक्षा साधनांचंच उल्लंघन सापडलं.

सहीच्या आधी काय विचारायचं?

२०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. २०३६च्या ऑलिंपिकसाठी भारताने १ ऑक्टोबर २०२४ रोजी इरादापत्र दिलं. कतार आणि सौदीबद्दल विचारलेले प्रश्न आता घरच्या कागदांनाही लावता येतील. मजुराचा पगार थेट त्याच्या खात्यात जाईल का, की वाटेत जमादार असेल? कामाच्या जागी किंवा खोलीवर मृत्यू झाला तर शवविच्छेदन सक्तीचं असेल का? घर गेलेल्या कुटुंबाला नवी जागा आधी मिळणार की नंतर? तक्रार ऐकणारी यंत्रणा कंत्राटदारापासून वेगळी असेल का, आणि स्पर्धा संपल्यावर किती वर्षं चालू राहील? कामगार तपासणीचे अहवाल कोणालाही वाचता येतील का? यातलं प्रत्येक उत्तर एका कलमात बसतं. पॅरिस २०२४पासून ऑलिंपिक यजमानाच्या करारात मानवी हक्कांचं कलम असतं. पण त्यात वरचे तपशील आपोआप येत नाहीत, ते मागावे लागतात.

जून २०२५मध्ये आयओसीच्या नव्या अध्यक्ष कर्स्टी कॉव्हेन्ट्री यांनी यजमान निवडण्याची प्रक्रिया फेरविचारासाठी थांबवली. हा लेख लिहीपर्यंत २०३६च्या करारावर कोणाचीही सही झालेली नाही.